मनोविकल आरोपीची चौकशी : तज्ज्ञांची साक्ष व ऐकीव पुरावा

फौजदारी आरोप असलेल्या इसमाचे चित्त ठिकाणावर नाही असा संशय उत्पन्न झाला असता, तो स्वतःचा बचाव करण्यास समर्थ आहे की नाही आणि त्याला तुरुंगात ठेवावे की मनोरुग्णालयाच्या हवाली करावे, हे ठरविण्यासाठी न्यायालय जी चौकशी करते, तिच्यात वैद्यकीय तज्ज्ञाच्या मताला व त्या मताच्या बुडाशी असलेल्या ऐकीव माहितीला किती वजन द्यावे, हा साक्षीच्या कायद्यातील जुना आणि अद्याप पुरता न सुटलेला प्रश्न होय.

उदाहरणार्थ, मुंबईच्या विलेपार्ले उपनगरातील आरोपी प्रथम अंधेरीच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 प्रमाणे (1973 च्या संहितेत हेच कलम 328 होते) दंडाधिकाऱ्याने त्याची शासकीय चिकित्सकाकडून तपासणी करवून, मग त्या चिकित्सकाची साक्षीदार म्हणून जबानी घ्यावयाची असते. नुसता दाखला दप्तरी लावून भागत नाही, आणि या प्रकरणातील कायद्याचे शहाणपण मुख्यतः या एकाच अटीत आहे. पुढे ज्या मनोविकारतज्ज्ञाकडे त्याला पाठविले जाते, त्याच्या निष्कर्षाने व्यथित झालेल्या आरोपीस वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येते. त्या मंडळावर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारशास्त्राचा अध्यापक असतो.

तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा, हा 1872 च्या कायद्याच्या कलम 60 चा दंडक 2023 च्या साक्ष्य अधिनियमात कलम 55 म्हणून कायम राहिला : पाहिलेले पाहणाऱ्यानेच सांगावे, आणि मत ज्याचे त्यानेच आधारांसह मांडावे. पंचाईत अशी की हाडाची चीर क्ष-किरणांत दिसते, मनाची दिसत नाही. बायकोने सांगितलेले जागरण, भावाने सांगितलेला वडिलांचा आजार, परिचारिकेच्या नोंदी, यांवरूनच निदान बांधावे लागते. शेजारी ‘हा भिंतीशी बोलताना मी पाहिला’ म्हणाला तर तो प्रत्यक्ष पुरावा. ‘लोक त्याला वेडा म्हणत’ म्हणाला तर ऐकीव. हीच दुसरी गोष्ट तज्ज्ञाच्या अहवालात शिरली की ती शास्त्राचा पोशाख चढवून येते, आणि मग उलटतपासणीत ‘हे आपणांस कोणी सांगितले?’ एवढाच प्रश्न उपयोगी पडतो.

उपनगरांतील ठळक उदाहरण रामन राघवचे. 1968 साली उत्तरेकडील उपनगरांत रात्री निजलेल्या गोरगरिबांचे खून पाडणाऱ्या या इसमास त्याच वर्षीच्या ऑगस्टात अटक झाली. पोलीस सर्जनाच्या मते त्याला मनोविकार नव्हता. बचावाच्या तज्ज्ञाच्या मते जुनाट छिन्नमनस्कता होती. सत्र न्यायालयाने फाशी फर्मावली. परंतु उच्च न्यायालयाने ती कायम करण्यापूर्वी तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमविले. आपण ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातील माणसांना शिवणार नाही, असे सांगून त्याने निरोपाच्या वेळी तज्ज्ञांशी हस्तांदोलन नाकारले. हे बोलणे खरे म्हणून कोणी पुराव्यात घेतले नाही. ते बोलले गेले हाच पुरावा होता, म्हणून ऐकीव पुराव्याचा निषेध त्याला लागू होत नाही. मंडळाने त्यास मनोविकल ठरविले. 1987 साली फाशीची जन्मठेप झाली, आणि 1995 साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला.

पुढे 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या आरोपातून मुक्त करताना त्याच्या उपचारांच्या नोंदींबरोबर वडिलांच्या मनोविकाराचा पूर्वेतिहासही विचारात घेतला. न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयाने 2013 साली लैंगिक गुन्हेगारांच्या स्थानबद्धतेच्या सुनावणीत अशी ऐकीव माहिती विश्वसनीय असली आणि तिचा उपयोग अपायाहून अधिक असला तरच ज्यूरीपुढे येऊ द्यावी असे ठरविले. आपल्याकडे ज्यूरी नाही, म्हणून ही चाळणी न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविली गेली आहे. ती अधिक काटेकोर असावी, आणि नातलग हयात असतील तर त्यांनाच साक्षीला बोलवावे, हे उचित.

चित्तभ्रमाच्या कारणावरून निर्दोष ठरलेल्यासही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 374 अन्वये सुरक्षित ताब्यात ठेवता येते किंवा जामिनदार नातलगाच्या स्वाधीन करता येते. मुंबईकरांसाठी असे जवळचे शासकीय मनोरुग्णालय म्हणजे 1901 साली स्थापन झालेले ठाण्याचे.