पहारेकऱ्याला माणूस दिसत नाही, शिक्का दिसतो

सप्टेंबर १९३९. युद्ध पेटताच इंग्रज सरकारने भारतातले जर्मन धरून अहमदनगरच्या छावणीत डांबले. त्यांत हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यू होते, आणि हिटलरचे भक्तही! पहाऱ्याच्या लेखी दोघेही ‘शत्रू’. चौकशीनंतर बहुतेक ज्यू सुटले. अहमदनगर म्हणजे ऑश्विट्झ नव्हे, तिथले एस.एस. पहारेकरी ज्यूंना मरणाकडे हाकत होते. पण माणसाआधी शिक्का पाहणारी नजर दोन्हीकडे होती.

आपल्याला ही नजर नवी आहे का? गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली माणसे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेआड हजेरी देत होती. ‘यांचा गुन्हा काय?’ हजेरी घेणाऱ्याला हा प्रश्न पडायची गरजच नव्हती. उत्तर जातीच्या रकान्यात होते. देश १९४७ ला स्वतंत्र झाला; हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला.