अमरावतीचा हुतुतू बर्लिनला

खेळाडूंनी परदेशी जाणे आज नवलाचे नाही. परंतु १९३६ साली, ज्या देशाला स्वतःचे निशाण मिरविता येत नव्हते त्या देशाची एक मंडळी आपले खेळ दाखवायला ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेली, याचा अर्थ निराळा आहे. ही मंडळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या आखाड्याची. त्याच वेळी ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८-१ असे हरविले. तो पराक्रम मोठाच. पण हॉकीचे नियम साहेबाने घालून दिलेले. अमरावतीकरांनी दाखविला तो हुतुतू. ना चेंडू, ना काठी. एका दमात समोरच्या गोटात शिरावे, गडी बाद करावा आणि दम सुटण्यापूर्वी परतावे. आपली भाषा न जाणणाऱ्यालाही तो दम ऐकू येतो!

मात्र श्रोतेहो, यजमान कोण होते? ज्यूंचे नागरिकत्व १९३५ सालीच हिरावून घेतलेल्या हिटलरच्या राजवटीला जगाच्या टाळ्या हव्या होत्या. पाहुण्यांनी त्या सोहळ्याची शोभा वाढविली, आपल्याही. म्हणून बर्लिनच्या कौतुकापेक्षा मला पुढचे अधिक मोलाचे वाटते. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत कबड्डीला जागा मिळाली, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत भारताने तिचे सुवर्णपदक घेतले.