बंद जावा, नवी येझदी आणि मामाची मुलाखत

मागच्या लेखाखाली दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला होता: मौखिक मुलाखत आणि कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर विश्वास कशावर ठेवायचा? याचं उत्तर मला एका गोठ्यात मिळालं. दिवाळीत मिरजेजवळ मामाकडे गेलो होतो. तिथे कडब्याच्या मागे, पोत्यांखाली त्याची मोटरसायकल वीसेक वर्षं पडून आहे. मामाचं वय आता पंचाहत्तरच्या पुढे. म्हणाला, "एकदा चालू करून दे. आवाज ऐकायचाय."

माझा विषय तुम्हाला माहीत आहेच: दक्षिण महाराष्ट्रातल्या दुचाकी आणि गावांचा प्रवास. मामा माझा अगदी पहिला माहितीदाता. त्याचं वाक्य माझ्या वहीत जसंच्या तसं आहे: "१९७४ साली नवी कोरी येझदी घेतली." हे वाक्य मी एका चर्चासत्रात वापरूनही बसलो होतो.

गावातला मिस्त्री पाना आणि पॉलिशपेपर घेऊन लगेच हजर. मी त्याला म्हटलं, एक दिवस थांब. तो हसला. पण तुम्ही हसू नका, कारण पुढचं सगळं त्या एका दिवसामुळे कळलं. जुनं यंत्र चालू करायचं म्हणजे घासायचं, धुवायचं, पार्ट बदलायचे. आणि नेमक्या याच कामांनी त्यावरच्या खुणा जातात. दप्तरखान्यातल्या कागदावरची धूळ आपण फुंकर मारून उडवत नाही, तसंच हे. म्हणून आधी फोटो काढले, मग इंजिन नंबर आणि चासी नंबर उतरवून घेतले आणि मामाच्या ट्रंकेतलं आरसी बुक काढलं.

आता थोडा इतिहास, कारण तो नसेल तर खुणा वाचताच येत नाहीत. जावा ही मुळात चेकोस्लोव्हाकियातली कंपनी. १९२९ मध्ये फ्रांतिशेक यानेचेक याने वांडरर या जर्मन कंपनीचं मोटरसायकलचं डिझाइन विकत घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' हे नाव झालं. आपल्याकडे आयातीवर निर्बंध आले तेव्हा मुंबईत या गाड्या आणून विकणाऱ्या इराणींनी म्हैसूरला कारखाना काढला, आयडियल जावा. १९६१ पासून तिथे २५० सीसीच्या गाड्या बनू लागल्या. टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि किकही तीच दांडी मारते अन् गिअरही तीच टाकते. १९७३ पासून याच गाड्या 'येझदी' नावाने येऊ लागल्या. नाव बदललं, पण खालची गाडी बरीचशी तीच राहिली आणि पार्ट एकमेकांना बसत. पुढे १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, कमी पेट्रोलवर चालणारी. नंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले, कारखान्याचे स्वतःचे प्रश्न होतेच, आणि १९९६ मध्ये तो बंद पडला.

हे सगळं लक्षात ठेवून आमच्या गाडीकडे बघा. टाकीवर येझदीचा बिल्ला. आरसी बुकात मात्र उत्पादन वर्ष १९७०. म्हणजे बिल्ल्यावरचं नाव बाजारात येण्याच्या तीन वर्षं आधीची गाडी! आणि पहिल्या मालकाच्या जागी मामाचं नाव नाही. त्याचं नाव दुसरं, १९७४ सालचं.

मग रंग पाहिला. सीटखाली जिथे ऊन पोचत नाही, तिथे चासीवरच्या काळ्या रंगाचा पोपडा उडालेला होता आणि आत जुना मरून रंग. टाकीचा पोपडा उडाला होता तिथे काळ्याखाली थेट पत्रा. टाकी आणि चासी एका जन्माच्या नाहीत, एवढं त्यावरून उघड होतं. मिस्त्रीने पॉलिशपेपर मारला असता तर हे दहा मिनिटांत संपलं असतं.

त्या संध्याकाळी मी मामाला काही विचारलं नाही. धीर झाला नाही, खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. इतकी वर्षं उभ्या गाडीला थेट किक मारू नका, रिंगा चिकटलेल्या असतात. सकाळी प्लग न लावता दांडी हाताने हळूहळू दाबली तेव्हा पिस्टन हलला. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता, जेट पूर्ण चोंदलेली. पॉइंट घासले, ६ व्होल्टची बॅटरी मिरजेहून आणली. टाकी आतून गंजलेली, पण ती मला धुवायची नव्हती. मिस्त्रीने यावर झकास तोड काढली: सलाईनची रिकामी बाटली हँडलला टांगली आणि तिच्यात लिटरला ४० मिलिलिटर ऑइल घातलेलं पेट्रोल भरलं.

अकराव्या की बाराव्या किकेला गाडी बोलली. दोन्ही सायलेन्सरांतून एवढा धूर की म्हशी उठून उभ्या राहिल्या. धूर थांबेना तेव्हा मिस्त्री म्हणाला, "क्रँकचं सील वाळलंय, गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन पितंय." म्हणून पाचेक मिनिटांत बंद केली. मामा मात्र खुर्चीवर डोळे मिटून बसला होता.

तेव्हा विचारलं. आरसी बुक त्याच्या हातात दिलं आणि एवढंच म्हटलं, "मामा, टाकी कुठली?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "कोल्हापुरातून आणली. लग्न ठरत होतं. नवी घ्यायला पैसे कुठले? पण मुलीकडच्यांना येझदी सांगितली होती."

आतून मामीचा आवाज आला, "माझ्या भावानं बघताक्षणी ओळखलं होतं. म्हटलं राहू दे."

आता माझ्या वहीतल्या त्या वाक्याचं काय करायचं? मी ते खोडलं नाही. खाली दुसरी नोंद लिहिली. आरसी बुक सांगतं की गाडी जुनी होती, पण १९७४ साली आमच्या भागात 'नवी येझदी' या दोन शब्दांना लग्नाच्या बैठकीत काय किंमत होती ते आरसी बुकात नाही. ते मामाच्या थापेत आहे. थाप म्हणून फेकून दिली असती तर माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण बारीक झालं असतं. दोघांना विचारूनच हे इथे लिहितोय. नावं घालायची नाहीत, एवढी एकच अट मामीची.

गोष्ट इथे मिटली नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी, मोठा बदल केलेली नसावी. मिस्त्रीचा सल्ला: जावाची टाकी शोधा, मरून रंग द्या, झाली मूळ गाडी. मी मामाकडे बघितलं. तो म्हणाला, "सील तेवढं बदल. टाकीला हात लावू नको."

सील मागवलंय.