सस्तन-मांस अ‍ॅलर्जी : पाकीटबंद अन्नाची पारख

मटण, गोमांस, डुकराचे मांस यांतील अल्फा-गॅल या शर्करेविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन उद्भवणारी अ‍ॅलर्जी. तिला ‘अल्फा-गॅल सिंड्रोम’ असेही म्हणतात. ठरावीक जातींची गोचीड चावल्याने ती जडते. अमेरिकेत टॉमस प्लॅट्स-मिल्स व ऑस्ट्रेलियात शेरिल व्हॅन न्यूनेन यांच्या संशोधनाने २००९ च्या सुमारास ती प्रकाशात आली. अंगावर पित्त उठणे, पोटदुखी, उलट्या, धाप लागणे ही लक्षणे बहुधा २ ते ६ तासांनी दिसतात. त्यामुळे रात्री खाल्लेल्या मटणावर संशय जात नाही.

कोंबडी, अंडी, मासे यांत ही शर्करा नसते. त्यामुळे रायगड जिल्ह्यातील अष्टमीसारख्या कोकणी गावातील भात, मासळी, सुकट हा आहार या रुग्णांना चालतो. अडचण येते ती पाकिटातील पदार्थांची.

चिन्हे : हिरव्या चिन्हाच्या पदार्थात मांस, चरबी, जिलेटिन नसते; मात्र दूध, तूप, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट असू शकतात व काही रुग्णांना तेही सोसत नाहीत. तपकिरी चिन्ह अंडे किंवा मासळी असली तरी येते. त्यावरून प्राणी कळत नाही.

घटकयादी : जेली, मार्शमॅलो यांत जिलेटिन आढळते. आयएनएस (खाद्य-मिश्रकांचे सांकेतिक क्रमांक) ४७१ व ६३१ हे घटक वनस्पतिज किंवा प्राणिज असू शकतात. कॅराजीनन (४०७) समुद्रशैवालापासून बनते, म्हणून हिरव्या चिन्हाखालीही येते. काही रुग्णांना ते बाधते. लाख (९०४) व कारमाइन (१२०) कीटकजन्य असल्याने त्यांत सस्तन प्राण्याचा अंश नसतो.

कायदा : २०२० च्या लेबलिंग विनियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन व सल्फाइट यांची अ‍ॅलर्जीसूचना बंधनकारक आहे, सस्तन प्राण्यांचे मांस त्या यादीत नाही. घटकांचा उगम वनस्पतिज की प्राणिज हे स्पष्ट करावे, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. अगदी लहान पाकिटांना घटकयादीची सूट असते; सुट्या फरसाणाला तर वेष्टनच नसते.

घटक बदलत असल्याने ओळखीच्या पाकिटाचीही यादी दर खरेदीला वाचावी. उगम कळत नसेल, तर वेष्टनावरील ग्राहक-सेवा क्रमांकावर विचारावे आणि खात्री होईपर्यंत तो पदार्थ खाऊ नये.