गुणवत्तेला घातलेली अट

इ. स. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमला भागवत पहिल्या आल्या. त्यांचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. तेव्हा कन्येनेही तेथेच संशोधनासाठी अर्ज करावा, हे ओघानेच आले. परंतु अर्ज नाकारला गेला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्जदार स्त्री होती म्हणून! नकार देणारे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन.

कमलाबाईंनी बंगळूर गाठले आणि नकाराचे कारण विचारले. देशात सत्याग्रहाचे दिवस होते. प्रवेश मिळाल्याखेरीज हलावयाचे नाही, असा निर्धार त्यांनीही केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्रीही, काम करावयाचे. आणि आपल्या वावराने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यावयाचे नाही. ही शेवटची अट कोणा पुरुष विद्यार्थ्याला घातली गेली असती काय?

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले, आणि पुढे इतर स्त्रियांनाही संस्थेचे दार उघडले. परंतु यातच अन्यायाचे मर्म आहे. एखादा तरुण प्रयोगात अपयशी ठरला, तर तो एकटाच अपयशी ठरतो. कमलाबाई चुकल्या असत्या, तर निकाल साऱ्या स्त्रीजातीविरुद्ध लागला असता.

केंब्रिज येथे वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ असल्याचे दाखवून १९३९ मध्ये त्यांनी पीएच्.डी. मिळविली. पुढे दिल्ली, कुन्नूर व मुंबई येथे त्यांनी काम केले. विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या संशोधनाला राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. तरीही मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना मिळाले ते पुष्कळ विलंबाने. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. बंगळूरचा तो अनुभव त्या उतारवयातही विसरल्या नव्हत्या.

उघड नकाराशी भांडता येते; लांबणीवर टाकलेल्या नेमणुकीशी भांडणे अवघड असते. म्हणून निवड करणाऱ्यांनी अर्जदाराला प्रश्न विचारण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हीच अट आपण दुसऱ्या कोणाला घातली असती काय?