यादीतून गळलेली माणसं

आज इतिहास एका यादीचा.

1943 मध्ये डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ आणि हर्बर्ट ट्राउट यांचं पुस्तक अमेरिकेत आलं आणि पॅप स्मिअरला डॉक्टरांची मान्यता मिळत गेली. गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घ्यायच्या आणि कॅन्सर होण्याआधीच बदल पकडायचा. 1988 मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने यासाठी कॉम्प्युटरवर यादी केली. ठरावीक वर्षांनी बायकांना घरी पत्र जाऊ लागलं.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझी नजर लगेच गेली ती 'लिंग' या रकान्यावर. ट्रान्स पुरुषाने दवाखान्यात 'पुरुष' अशी नोंद केली, की पत्र आपोआप येईना. शस्त्रक्रिया झाली नसेल तर गर्भाशयमुख मात्र असतंच. टेस्टोस्टेरॉन एचपीव्हीपासून वाचवत नाही. उलट त्याने तिथलं अस्तर पातळ होतं, तपासणी जास्त दुखू शकते आणि नमुना अपुरा निघाला की पुन्हा फेरी. त्यात बायकांच्या रांगेत दाढीवाल्याने बसायचं!

आता एचपीव्ही चाचणीचा नमुना स्वतःचा स्वतः घेता येतो, हा मोठा दिलासा. पण त्यासाठीही आधी कुणीतरी बोलवायला हवं ना? म्हणून माझ्या मते यादीला एकच प्रश्न पुरे: गर्भाशयमुख आहे का?