पाटी हरवलेला टर्बो

सिंगापूरच्या चांगी पॉइंटच्या धक्क्यावर बारा उतारू जमले की पुलाउ उबीन बेटाची बमबोट सुटते. त्या रविवारी मी नववा. बाकावर टेकलो तोच पुण्याहून भाच्याचा फोन. तो रॅलीच्या गाडीचं इंजिन नव्यानं बांधतोय. जुन्या बाजारात एक टर्बो स्वस्तात मिळाला म्हणून त्यानं उचललेला. "मामा, पाटीच गायब आहे. रिव्हेटची दोन भोकं तेवढी उरलीत."

"बरंच झालं," मी म्हटलं. "पाटी कुणीही ठोकतं. ओतकाम वाच, चाक मोज."

तीस वर्षं मी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. तिथले टर्बो साखळी-पुलीनं उचलायचे. पोरांना वाटतं, टर्बो शर्यतीत जन्मला. पण आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये पेटंट घेतलं ते धुराड्यातून फुकट जाणाऱ्या उष्णतेसाठी: तिच्यावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं इंजिनात जास्त हवा कोंबायची. १९२६ च्या सुमारास 'प्रॉइसेन' आणि 'हान्सेश्टाट डान्झिग' या जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद त्यानं १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर नेली. अमेरिकेत विक्रीच्या मोटारींवर टर्बो आला थेट १९६२ मध्ये.

बोट सुटली. उबीनला शहराची वीजतार नाही; दिवे पेटले ते वर्षानुवर्षं डिझेल जनरेटरवर. धक्क्याजवळ सौरऊर्जेची जोड आली ती २०१३ मध्ये. गावामागच्या ग्रॅनाइटच्या खाणी १९९९ पर्यंत एकेक करून बंद पडल्या. आता त्यांत हिरवं पाणी. १८५१ मध्ये पेटलेलं हॉर्सबर्ग दीपगृह इथल्याच दगडाचं. त्या दगडावर कुठे पाटी आहे? जाणकार त्याचा दाणा बघतात.

खाणीच्या काठावर पोचलो तेव्हा भाच्याची मापं आली. हवेच्या चाकाचा व्यास तोंडाशी ४६.५ मिलिमीटर, बाहेरच्या कडेला ६०. लहान भागिले मोठा, त्याचा वर्ग, गुणिले शंभर: ६०. याला म्हणायचं ट्रिम. एक्झॉस्टच्या घरावर ओतलेला आकडा ०.६३, हा ए/आर, म्हणजे वायूच्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले मध्यापासूनचं अंतर. तो लहान असला तर टर्बो लवकर जागा होतो, पण वरच्या फेऱ्यांना दम कोंडतो. फ्लँज चार बोल्टांचा, आयताकृती.

"गॅरेट कंपनीच्या टी-३ घराण्यातला दिसतोय," मी म्हटलं.

"म्हणजे बसवू?"

"थांब. घर एकाचं, चाक दुसऱ्याचं, असले जोडटर्बोही भंगारात निघतात. दोन्हीकडची मापं जुळव. मग चाक बोटात धरून वर-खाली, आत-बाहेर हलव. पंख घराला घासले तर दुरुस्तीशिवाय लावू नकोस. कूळ कळलं रे, आता तब्येत बघ."